दात काढण्याआधी



 हिरड्यांचे आजार आणि रूट कॅनाल या विषयांवर मराठीतून बोलायला हैदराबाद हे शहर योग्यच आहे. १९५६ पर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्यात होता. कोर्टकचेरी असो, कॉलेज असो की मोठं दुखणं, नांदेड-परभणीचा माणूस इकडेच यायचा. पुढे हद्द बदलली, दवाखान्याची वाट मात्र तीच राहिली. देगलूर-उदगीरकडची माणसं आजही इथे दात दाखवायला येतात. अफजलगंजला उस्मानिया रुग्णालयाशेजारी १९५९ पासून शासकीय दंत महाविद्यालय उभं आहे, आणि तिथल्या आवारात मराठी ऐकू आली तर कुणाला नवल वाटत नाही.

भूलशास्त्राच्या इतिहासातही या शहराचं नाव आहे. १८८८ आणि १८८९ साली इथे डॉ. एडवर्ड लॉरी यांच्या पुढाकाराने आणि निजामाच्या खर्चाने क्लोरोफॉर्म कमिशनचं काम झालं. कमिशनचा मुख्य निष्कर्ष पुढच्या संशोधनात टिकला नाही; पण याच शहरात डॉ. रुपाबाई फर्दुनजी भूल देण्याचं काम करत होत्या, स्त्रियांनी डॉक्टर होणं हीच नवलाई होती त्या काळात. आज दाताची वेदना थांबवणं आपल्याला अवघड नाही. ती वेदना नेमकी कुठून येते हे ओळखणं अजूनही अवघड आहे, आणि आजची परिषद त्याचसाठी आहे.

खालची दाढ दुखते, हिरडी सुजली आहे, पू येतो, दात थोडा हलतो. अशी तक्रार घेऊन आलेल्या रुग्णाच्या एक्स-रेमध्ये मुळाभोवती काळी सावली दिसते. ही सावली दाताच्या मेलेल्या नसेमुळे आली, की हिरडीच्या आजारात हाड झिजल्यामुळे? फिल्म पाहून अनेकदा सांगता येत नाही. दात थंडाला प्रतिसाद देतो का, हे आधी तपासावं लागतं. नस मेलेली असेल आणि हिरडीत प्रोब एकाच जागी अरुंद, खोल जात असेल, तर बहुधा मुळाच्या टोकाचा पू हिरडीतून वाट काढतो आहे. पुवाच्या तोंडातून बारीक गटापर्चा आत सरकवून एक्स-रे काढला, तर त्याचा उगम दिसतो. अशा दाताचं रूट कॅनाल नीट झालं की हिरडी पुष्कळदा शस्त्रक्रियेवाचून भरून येते. उलट नस जिवंत असेल आणि शेजारच्या दातांभोवतीही रुंद कप्पे असतील, तर रूट कॅनाल करून काही साधणार नाही. मुळावरचा थर काढणं हाच उपचार. दोन्ही आजार एकत्र असतील तर आधी रूट कॅनाल, मग काही महिने वाट पाहून हिरडीचा निर्णय. आणि मूळ उभं चिरलेलं असेल, तरीही कप्पा अरुंदच लागतो; तो दात मात्र बहुधा वाचत नाही.

सायमन, ग्लिक आणि फ्रँक यांनी १९७२ साली या दुहेरी विकारांची वर्गवारी मांडली. इतक्या वर्षांनंतरही आपल्याकडे हिरडीतज्ज्ञ एका मजल्यावर आणि रूट कॅनालतज्ज्ञ दुसऱ्या मजल्यावर बसतो. रुग्ण दोघांमध्ये फिरतो, पैसे आणि मजुरीचे दिवस घालवतो, आणि शेवटी थकून म्हणतो, "डॉक्टर, काढूनच टाका." हे वाक्य ऐकलं की मला फार वाईट वाटतं. वाचू शकणारा दात केवळ आपण दोघं एकत्र बसलो नाही म्हणून जाणं, हे मला मान्य नाही.

आपल्या माणसांच्या बाबतीत दोन गोष्टी विसरू नका. मराठवाड्यात अजून कितीतरी बायका मिश्री लावतात. तंबाखूतल्या निकोटिनमुळे रक्तवाहिन्या आकसतात आणि आजारी हिरडीतूनही रक्त कमी येतं. रक्त नाही म्हणून हिरडी चांगली, असं समजू नका; प्रोब घालून मोजा. दुसरी गोष्ट, "दात साफ केले की ढिले होतात" ही समजूत. हाड आधीच गेलेलं असतं, दगड निघाल्यावर ते उघड होतं, इतकंच. हे समजावून सांगण्यात गेलेला वेळ उपचाराचाच भाग आहे.

मधुमेहाचं तर आपण सारेच पाहतो. साखर चढली की हिरडी बिघडते, हिरडी बिघडली की साखर आवरत नाही. हिरडीच्या नीट उपचारानंतर एचबीए१सी थोडं का होईना, खाली येतं, हे अनेक अभ्यासांतून दिसलं आहे. तरीही मधुमेहाच्या फाइलमध्ये दाताच्या डॉक्टरचा कागद क्वचितच सापडतो. शहरातल्या फिजिशियन मंडळींनाही आज आवर्जून बोलावलं आहे, त्यांचं वेगळं स्वागत.

दुपारी एकाच रुग्णाची फाइल दोन्ही शाखांचे तज्ज्ञ एकत्र पाहतील, असं एक सत्र ठेवलं आहे. त्यात भरपूर वाद घाला.

गावी प्रॅक्टिस करणाऱ्या माझ्या बीडीएस मित्रमैत्रिणींना एकच विनंती आहे. रुग्ण पुढे पाठवताना चिठ्ठीत तीन गोष्टी लिहा: थंडाची चाचणी, प्रोबचं माप आणि साखरेचा आकडा. सोबत जुना एक्स-रे द्या. आणि या तिन्ही नोंदी हाती येईपर्यंत दात काढू नका.