गुराख्याची राखण

पोराचं अभ्यासात लक्ष नसलं की आपण पटकन म्हणतो, "जा, गुरं वळायला जा!" म्हणजे ज्याला काही जमत नाही, त्याचं हे काम. आम्हा बायकांना हे काही पटत नाही.

आपल्या कार्ल्याच्या डोंगरावर, एकवीरा आईच्या देवळाला लागूनच जे मोठं लेणं आहे, तिथं उषवदाताचा लेख कोरलेला आहे. हा नहपान राजाचा जावई, सुमारे १९०० वर्षांपूर्वीचा. लेण्यात राहणाऱ्या भिक्षूंसाठी त्यानं करजिक नावाचं गाव दिलं, आणि त्यानं तीन लाख गाई दान केल्या, असंही त्यात लिहिलंय. तीन लाख! देणाऱ्याचं नाव दगडात राहिलं. त्या गाई पाण्यावर कोण नेत होतं, ते लिहायचं कुणाला सुचलं नाही.

गुराख्याची गुरं बहुतेक दुसऱ्याचीच असतात. तरी सांजेला एक जनावर कमी भरलं तर तो घरी जेवायला बसत नाही, माघारी रानात जातो. कळप चालतो तो लंगड्या गाईच्या चालीनं, पुढं पळणाऱ्या खोंडाच्या नाही. भाताच्या खाचराकडं तोंड वळलं की आधीच आडवा होतो. आणि चुकून गाय कुणाच्या हरभऱ्यात शिरलीच, तर शेतकऱ्यानं बोंब मारायच्या आत स्वतः जाऊन सांगतो. हे शेवटचं सगळ्यात अवघड. आपल्या गटात हप्ता चुकणार असला तर आधी सांगणाऱ्या किती जणी आहेत, बघा बरं!

दुपारी शिदोऱ्या सोडल्या की कुणाची भाकरी, कुणाचा नुसता कांदा, सगळं एकत्र. गोपाळकाला तो हाच. दहीहंडीच्या गोंगाटात तेवढं मात्र विसरलं जातं.

आता गुराखी उरले नाहीत. पोरं शाळेत गेली, ते चांगलंच झालं; त्यांना पुन्हा रानात धाडा असं आम्ही म्हणत नाही. पण राखणही गेली. गाय भाकड झाली की दावं सोडायचं आणि तिला रस्त्यावर मोकळी करायची. कार्ला फाट्यावर रात्री हायवेला बसलेलं जनावर मोटारसायकलवाल्याला दिसत नाही. त्यात माणूसही जातो, गायही जाते. कानातल्या बिल्ल्यावर बारा आकडे असतात, पण मालक पुढं येत नाही.

आणि २०२२ साली लम्पी आला तेव्हा आठवतंय ना? गाठी आलेलं जनावर लपवलं की शेजारचा गोठा धोक्यात. पहिल्याच दिवशी सांगायचं, वेगळं बांधायचं. डॉक्टरांसाठी १९६२ हा नंबर फुकट लागतो.

वसुबारसेला आपण गाय-वासराची पूजा करतोच. त्याआधीच्या बैठकीत एवढंच विचारू : कुणाकडं भाकड गाय आहे, वैरण कुठं कमी पडते, आणि चारायला न्यायची पाळी कोण कोण घेईल? दोन-तीन घरांनी मिळून एक दिवसाआड पाळी लावली, तर एकीवर भार येत नाही. नावं वहीत लिहून ठेवा.