शंख आणि विस्तव

(मंडळाच्या वाचनवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



या खेपेस माझ्याकडे ‘लॉर्ड ऑफ द फ्लाईज’ या कादंबरीवर बोलण्याची पाळी आली आहे. विल्यम गोल्डिंग या इंग्रज लेखकाची ही कादंबरी १९५४ साली प्रसिद्ध झाली आणि १९८३ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. जी. ए. कुलकर्णी यांनी ती मराठीत आणली, म्हणून माझ्यासारख्या सातवी शिकलेल्या बाईलाही ती वाचता आली. गोल्डिंग शाळामास्तर होते आणि दुसऱ्या महायुद्धात आरमारात लढून आले होते. मुले कशी वागतात हे त्यांनी वर्गात पाहिले, आणि मोठी माणसे कशी वागतात हे समुद्रावर.

गोष्ट थोडक्यात सांगते. लढाईच्या धामधुमीत इंग्रज मुलांना घेऊन निघालेले एक विमान पडते. निर्जन बेटावर सहा ते बारा वर्षांची मुले तेवढी उरतात. मोठे माणूस एकही नाही. फळे आहेत, गोडे पाणी आहे, रानात डुकरे आहेत. राल्फ या मुलाला सगळे नायक निवडतात. जॅक हा गाणाऱ्या मुलांचा पुढारी. त्याची टोळी शिकारी बनते. पुढे जॅक वेगळा निघतो, बहुतेक मुले त्याच्या मागे जातात, आणि दोन मुलांचा खून होतो.

या पुस्तकावर लिहिणारे पंडित सांगतात की, यातला शंख म्हणजे सुव्यवस्था, चष्मा म्हणजे बुद्धी, आणि रंगवलेले तोंड म्हणजे रानटीपणा. ते खरेच आहे. पण घर चालवणाऱ्या बाईच्या नजरेने मला त्यात आणखी काही दिसले, ते आपल्यापुढे मांडते.

प्रथम शंख घेऊ. राल्फला तो पाण्यात सापडतो आणि पिगी नावाचा जाडा, चष्मेवाला मुलगा तो कसा फुंकायचा ते सांगतो. शंख वाजला की सभा भरायची, आणि ज्याच्या हातात शंख त्यानेच बोलायचे, असा नियम ठरतो. नियम करायला सर्वांत उत्साह जॅकलाच! पण थोड्याच वेळाने डोंगरावर पिगी शंख हातात धरून बोलू लागतो, तेव्हा हाच जॅक म्हणतो की डोंगरावर शंखाचा नियम चालत नाही. कोणी त्याला अडवत नाही. शंख फुटतो तो पुस्तकाच्या शेवटाकडे. पण त्याला पहिला तडा गेला तो त्या दिवशी, असे मला वाटते. इथे नियम चालतो आणि तिथे चालत नाही, असे एकदा ऐकून घेतले की पुढचे सगळे ओघानेच येते.

दुसरी खूण विस्तवाची. जहाजाला धूर दिसावा म्हणून डोंगरावर जाळ ठेवायचा असे सभेत ठरते. तो राखण्याचे काम जॅकची टोळी अंगावर घेते. मग एके दिवशी सगळी टोळी शिकारीला जाते, जाळ विझतो, आणि नेमके त्याच वेळी जहाज समोरून निघून जाते. जॅक डुक्कर मारून वाजतगाजत परत येतो. जाळाबद्दल तो चूक कबूल करतो, पण सगळ्यांचे लक्ष मांसाकडे. राल्फलाही भूक आवरत नाही.

तीच कथा झोपड्यांची. पहिली झोपडी बांधायला सगळे येतात. दुसरीला मोजके चार. तिसरीला राल्फ आणि सायमन दोघेच. बाकीची मुले पोहायला, फळे खायला, खेळायला. शिकार एकदा केली की गाजते. जाळ रोज राखावा लागतो आणि त्याचे कोणी कौतुक करत नाही. आपल्या आज्या रात्री निखाऱ्यांवर राख ओढून विस्तव राखत. त्या कामाला कधी कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, पण सकाळचा चहा त्यावरच व्हायचा. बेटावरच्या राज्यात नेमके हेच बिनटाळ्यांचे काम कोणी वाटून घेतले नाही.

तिसरी गोष्ट वाचताना माझ्या जिवाला फार लागली. त्या मुलांची मोजदाद कोणीच करत नाही. पहिल्या दिवशी पिगी नावे विचारू लागतो, पण ते अर्धवटच राहते. पहिला जाळ भडकून रानाला आग लागते आणि तोंडावर लाल डाग असलेला एक लहान मुलगा त्यानंतर कुणालाच दिसत नाही. किती मुले होती हेच ठाऊक नाही, तर कोण गेले ते कसे कळणार? पिगीचे खरे नाव तर पुस्तक संपेपर्यंत कळत नाही. शाळेतले हे चिडवण्याचे नाव मला नको, असे तो सांगतो, आणि राल्फ तेच नाव सगळ्यांपुढे बोलून टाकतो. पर्सिव्हल नावाच्या चिमुरड्याला घरी नाव आणि पत्ता पाठ करून दिलेला असतो. शेवटी सुटका होते, तेव्हा त्याला आपले नावही आठवत नाही. मुले रानटी झाली याची सर्वांत मोठी खूण मला हीच वाटली.

आता रानटीपणाच्या खुणा. जॅक माती आणि कोळशाने तोंड रंगवतो ते शिकारीसाठी. पण रंगामागे गेल्यावर त्याची लाज सुटते. रॉजर नावाचा मुलगा एका लहान मुलाला दगड मारतो, पण नेम मुद्दाम चुकवून. आईबाप, शाळा, पोलीस यांची आठवण अजून त्याचा हात धरून असते. पुढे हाच रॉजर कड्यावरून शिळा लोटून पिगीला ठार मारतो. मधल्या काळात तो हात हळूहळू सुटला, आणि कोणाच्या लक्षातही आले नाही. शिकारी एका लेकुरवाळ्या डुकरिणीला मारतात आणि तिचे मुंडके काठीवर लावून रानातल्या काल्पनिक श्वापदाला अर्पण करतात. त्यावर माश्या घोंगावतात. पुस्तकाचे नाव त्यावरूनच आहे. माश्यांचा स्वामी म्हणजे बायबलातला एक सैतान. ते श्वापद म्हणजे हवाई छत्रीला लटकून पडलेला एक मेलेला वैमानिक असतो. सायमनला ते कळते. तो सांगायला धावत येतो, तर अंधारात नाचणारी मुले त्यालाच श्वापद समजून मारतात.

एका रात्री जॅकची टोळी राल्फच्या झोपडीवर घाला घालते. पिगीला वाटते, शंखासाठी आले. पण ते चष्मा नेतात आणि शंख तसाच पडू देतात. चष्म्याच्या काचेने विस्तव पेटवता येतो. शंखाचा मान ज्यांच्या मनातून गेला, त्यांना तो चोरण्याजोगाही वाटत नाही. मग तोच शंख छातीशी धरून पिगी आपला चष्मा न्यायाने मागायला जातो, आणि त्याच्याबरोबर शंखाचाही चुरा होतो.

काही भगिनी म्हणाल्या, “मुळात माणूसच वाईट, एवढेच हा लेखक सांगतो, मग असले पुस्तक वाचावे कशाला?” कोणी म्हणाल्या, बेटावर मुली असत्या तर असे झाले नसते. हे दुसरे मानायला मी तयार नाही. चुगली, गटबाजी आणि कमकुवताला चिडवणे आपल्यालाही ठाऊक आहे. पहिल्याचे उत्तर मात्र एका खऱ्या घटनेत सापडते.

प्रशांत महासागरात तोंगा नावाचे बेटांचे राज्य आहे. तिथल्या बोर्डिंग शाळेतली सहा मुले १९६५ साली कोणाची तरी होडी पळवून निघाली आणि वादळात भरकटत अता नावाच्या ओसाड बेटाला लागली. हे बेट ओसाड का, तर १८६३ साली गुलामांच्या व्यापाऱ्यांनी तिथली पुष्कळ माणसे पळवून नेली म्हणून. त्या मुलांनी दोघादोघांच्या जोड्या केल्या आणि स्वयंपाक, बाग व पहारा यांच्या पाळ्या लावल्या. भांडण झाले की दोघांनी दोन दिशांना जाऊन राग निवेपर्यंत थांबायचे. दिवसाची सुरुवात आणि शेवट प्रार्थनेने. एकाचा पाय मोडला, तर बाकीच्यांनी काठ्या बांधून तो नीट केला आणि त्याची कामे वाटून घेतली. एकदा मोठ्या कष्टाने पेटवलेला विस्तव त्यांनी वर्षाहून अधिक काळ विझू दिला नाही. १९६६ च्या सप्टेंबरात पीटर वॉर्नर या ऑस्ट्रेलियन माणसाच्या बोटीने त्यांना सोडवले, तेव्हा सहाच्या सहा मुले धडधाकट होती.

तोंगाची मुले शहाणी आणि इंग्रज मुले वाईट, असा याचा अर्थ नव्हे. एक तर ती कादंबरी आहे. शिवाय ही सहा मुले एकमेकांचे मित्र होती. पण इंग्रजी गोष्टींच्या जुन्या पुस्तकांत अशाच बेटांवरच्या लोकांना रानटी म्हटलेले असे, हे ध्यानात ठेवावे. गोल्डिंगनाही ते ठाऊक होते. त्यांच्या गोष्टीत शेवटी आरमाराचा एक अधिकारी येतो आणि इंग्रज मुलांनी असे वागावे याचे त्याला नवल वाटते. तो स्वतः मात्र लढाऊ जहाजावरून आलेला असतो! आणि त्याला बेटाकडे खेचून आणणारा धूर हा राल्फला ठार मारण्यासाठी लावलेल्या वणव्याचा असतो.

तेव्हा मला या पुस्तकातून मिळाले ते असे. शंख हवाच. आपल्या मंडळातही सभेला घंटा आहे, नियमांची वही आहे. पण घंटेचा मान कशावर टिकतो? सभा संपल्यावर सतरंज्या कोण झाडते, कपबशा कोण विसळते, आणि चार आठवडे न आलेल्या बाईच्या दारी कोण जाऊन विचारते, यावर. ही कामे नेहमी त्याच दोघीतिघींच्या अंगावर पडू लागली, तर घंटा कितीही वाजवली तरी तिचे कोणी ऐकणार नाही. म्हणून आजच्या दिवशी माझी एवढीच सूचना आहे, की येत्या वर्षी सभासदांच्या नावांच्या यादीशेजारी पाळ्यांचीही यादी भिंतीवर लावावी, आणि तिच्यात माझे नाव पहिल्या आठवड्यात घालावे.