फ्रँकफर्टला बॉक्स न्यायचाय?

मी यवतमाळचा, स्पीकरचे बॉक्स बनवतो. फ्रँकफर्टच्या 'प्रोलाइट अँड साउंड' प्रदर्शनात माल मांडायचा, तर विजेची चिंता नको. तिथंही आपल्यासारखीच २३० व्होल्ट. चिंता कागदांची.

आधी एटीए कार्ने काढा. भारतात ते फिक्की देते. वर्षभर चालतं, कस्टम ड्युटी वाचते. पण त्यावर नेलेला प्रत्येक नग परत आणायचा. गिऱ्हाईक रोख घेऊन उभं असलं तरी डेमोचा बॉक्स तिथंच विकून मोकळं होता येत नाही. विकलात तर ड्युटी भरा, नाहीतर तारण ठेवलेली रक्कम गेली! म्हणून मी फक्त ऑर्डर घ्या म्हणतो.

आणि पेटी? आपल्याकडे सागाला काय तोटा! पण अशा लाकडाची पेटी आतपर्यंत ५६ अंशांवर ३० मिनिटं तापवून शिक्का मारलेली लागते. प्लायवूडला ही भानगड नाही. मी प्लायच वापरतो.