सुरीविना शरीरशास्त्र



आपल्या मालेगावात शास्त्र शाखेत शिकलेल्या पुष्कळांनी कॉलेजच्या प्रयोगशाळेत बेडूक कापला असेल. मेणाच्या ट्रेमध्ये चारही पाय टाचण्यांनी ताणायचे, पोट उघडायचे आणि हृदय, यकृत, आतडी यांची आकृती वहीत काढायची. आकृतीला गुण मिळत. बेडूक फेकला जाई. याची गरज होती काय?

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात या बाबतीत एक कसोटी दिली आहे. गरजेपोटी मारणे आणि केवळ इच्छेपोटी मारणे यांत भगवान बुद्धांनी भेद केला, असे ते सांगतात. परंतु गरज कायमची नसते. विज्ञान पुढे गेले, की कालची गरज आज उरत नाही.

१८९५ साली राँटजेन यांनी क्ष-किरण शोधले आणि न कापता हाडे दिसू लागली. पुढे सीटी स्कॅन आले. त्यात क्ष-किरण शरीराभोवती फिरवून संगणक आतील काप जुळवितो. एमआरआयमध्ये चुंबक आणि रेडिओ लहरींच्या साहाय्याने शरीरातील पाण्याच्या हायड्रोजनकडून संकेत मिळवितात; त्यामुळे मऊ अवयव स्पष्ट दिसतात. या शोधाबद्दल लॉटरबर व मॅन्सफील्ड यांना २००३ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

डेन्मार्कमधील आर्हुस विद्यापीठाच्या हॅन्सन आणि लॉरिडसन या संशोधकांनी हीच यंत्रे अजगरासाठी वापरली. २०१० साली त्यांनी आपले निष्कर्ष मांडले. महिनाभर उपाशी असलेल्या, ५ किलो वजनाच्या अजगराने उंदीर गिळला. त्यानंतर त्यांनी त्याची पुन्हा पुन्हा चित्रे घेतली. १३२ तासांत उंदीर दिसेनासा झाला. दरम्यान अजगराचे आतडे फुगले, पित्ताशय आकसले आणि हृदयाचा आकार २५ टक्क्यांनी वाढला. मेलेल्या अजगराला कापून एका क्षणाचीच स्थिती कळली असती. येथे एकाच जिवंत प्राण्यात सगळा बदल पाहता आला.

आपल्या महाराष्ट्रातही खारघर येथे टाटा स्मारक केंद्राच्या अ‍ॅक्ट्रेक संस्थेत लहान प्राण्यांच्या अशा चित्रणाची सोय आहे. पूर्वी कर्करोगाची गाठ कशी वाढते हे पाहण्यासाठी प्रत्येक टप्प्यावर काही उंदीर मारावे लागत. आता त्याच उंदरातील गाठ दिवसामागून दिवस पाहता येते.

अर्थात या यंत्रांना मर्यादा आहेत. प्राणी स्थिर राहावा म्हणून बहुधा भूल द्यावी लागते, खर्च मोठा असतो, आणि पेशी तपासायच्या तर ऊतीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली घ्यावाच लागतो. म्हणून संशोधकाची गरज पूर्ण संपली, असे मी म्हणणार नाही. ती कमी झाली आहे. विद्यार्थ्याचे मात्र तसे नाही. एका प्राण्याची चित्रे हजारो मुलांना संगणकावर दाखविता येतात. विद्यापीठ अनुदान आयोगानेही २०११ साली प्राणिशास्त्रातील विच्छेदन टप्प्याटप्प्याने बंद करण्याची मार्गदर्शक तत्त्वे दिली.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यातून उद्या डॉक्टर, पशुवैद्य, प्राध्यापक होतील. जीव घेण्याचा प्रसंग येईल तेव्हा एवढेच विचारा, की हे शिकण्याचा दुसरा मार्ग आहे काय? असेल तर तोच धरा. शीलाचे पालन आणि शास्त्राचा अभ्यास या दोन्ही गोष्टी त्याने साधतील.

जयभीम!