भिंतीवरची बुरशी आणि फळ्यावरचा कागद



आरोग्याच्या गोष्टी जाणत्यांनी लिहाव्या आणि आपण मुकाट्याने वाचाव्या, अशी आपली रीत. पण वाचणारणीलाही थोडी चौकशी करता येते.

२०२१ चा मे महिना आठवा. करोनातून उठलेल्यांना म्यूकरमायकोसिस होऊ लागला. वर्तमानपत्रांनी त्याचे नाव ‘काळी बुरशी’ असे घातले. लगेच निरोप फिरले, की कांद्यावरची काजळी आणि फ्रिजच्या रबरावरचे काळे म्हणजे तोच रोग! वास्तविक कांद्यावरची बुरशी निराळी. या रोगात काळे पडते ते माणसाच्या अंगातले मेलेले मांस. बुरशीचा रंग तो नव्हे. दिल्लीच्या एम्सचे तेव्हाचे संचालक डॉ. रणदीप गुलेरिया यांनीही सांगितले, की हे नाव घोटाळा करणारे आहे. जपायचे होते ते मधुमेह आवाक्याबाहेर गेलेल्यांना आणि स्टेरॉइडची औषधे घेतलेल्यांना. एका बाजूने तोंड सुजले की डॉक्टर गाठायचा, हे घरोघर कळायला हवे होते. पोचला तो कांदा.

आता आपल्या पिंपळे सौदागरच्या भिंती. पावसाळ्यात त्यांवर काळे डाग येतात, तो काही म्यूकरमायकोसिस नव्हे. म्हणून ते निरुपद्रवी, असेही नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली याच विषयावर पुस्तक काढले. ओल असलेल्या घरांत दमा, खोकला अधिक, असे त्यात आहे. उपाय रंगाच्या डब्यात नाही. गळती बंद करावी, भिंत वाळू द्यावी, स्वयंपाकाची वाफ बाहेर घालवावी. ओले कपडे खोलीत वाळत घालण्याचा मोह आपणा सर्वांनाच आवरत नाही, हे मी जाणते.

यंदा एका इमारतीच्या फळ्यावर कागद लागला होता: ब्लीचिंग पावडरीत संडास धुण्याचे अ‍ॅसिड मिसळून भिंत पुसा. अहो, त्यातून क्लोरीन वायू सुटतो! कोंदट न्हाणीघरात बाईचा जीव गुदमरायचा. एका भगिनीने तो कागद फाडला. चांगले केले, पण तेवढ्याने भागत नाही. ज्यांनी आधी वाचला त्या तो घरी मनात घेऊन गेल्या. त्याच जागी, तेवढ्याच ठळक अक्षरांत, ‘अमुक मजकूर चुकीचा होता, बरोबर असा’ हे लागले पाहिजे.

म्हणून माझी सूचना अशी. मंडळाच्या फळ्यावरील आरोग्याच्या प्रत्येक कागदावर तारीख आणि माहिती कोणाकडून घेतली ते लिहावे. दर वर्षी मृग लागण्यापूर्वी दोघीजणींनी सगळे कागद डॉक्टरांना दाखवून आणावेत. त्या दोघींत माझे नाव घालावे. दुसरे कोणाचे, ते आज चहाच्या वेळी ठरवू.