लिलीचा पाहुणा

आमच्या अंगणात आईने लावलेली स्पायडर लिलीची रांग आहे. आई गेली, लिली राहिली. गेल्या आषाढात एका सकाळी पाहतो तो निम्म्या पानांची चाळण झालेली! पानांवर काळ्याकुट्ट अळ्या. अंगावर पांढरे ठिपके, मधूनमधून तांबडे. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. फवारणीचा पंप भरूनच आणला.

तेवढ्यात शेजारची सातवीतली मुलगी म्हणाली, "काका, दोन-चार मला द्या ना." तिने बरणीत माती घातली, अळ्या सोडल्या आणि रोज लिलीचं ताजं पान द्यायला लागली. तिचा उत्साह पाहून मीही पंप बाजूला ठेवला. खाऊन खाऊन फुगलेल्या अळ्या एके दिवशी मातीत शिरल्या. पुढे काही आठवड्यांनी ती धावतच आली. बरणीत पतंग बसला होता. काळ्या पंखांवर लाल-पिवळ्या ठिपक्यांची अशी दाट नक्षी, की आजीची गोधडीच आठवावी. मागचे पंख मात्र साधे, काळपट.

याचं शास्त्रीय नाव पॉलिटेला ग्लोरिओसी. ग्लोरिओसा म्हणजे आपली कळलावी, पावसाळ्यात कुंपणावर ज्वाळांसारखी फुलणारी. तिच्यात कोल्चिसिन नावाचं जहाल विष असतं. कंद पोटात गेला तर माणूस दगावू शकतो. स्पायडर लिलीतही लायकोरिन हे विषारी द्रव्य असतं. पण जिथे इतरांची पंगत बसत नाही, तिथेच या अळीचं पान मांडलेलं! तिचे भडक रंग म्हणजे 'माझ्या वाटेला जाऊ नका' असा पक्ष्यांना इशारा असावा, असं मानतात.

आता गंमत पाहा. कळलावी इथली, पतंगही इथला. स्पायडर लिली मूळची अमेरिकेची. ती आपणच दारात लावली आणि तिच्यावर तो जेवायला बसला, की आपण त्याला कीड म्हणतो.

लिलीचं काय झालं? खाल्लेली पानं मी कापून टाकली. कांदे जमिनीत शाबूत होते. श्रावण सरता सरता नवी पानं वर आली. आता पावसाळ्यात मी पानं उलटून पाहतो. अंड्यांचे पुंजके दिसले तर ती पानं खुडतो. कोपऱ्यातला एक गड्डा मात्र तसाच ठेवतो. दारी आलेल्याला आईने कधी उपाशी धाडलं नव्हतं.