हिशेबाची दुसरी प्रत

आता बऱ्याच बचत गटांचे हिशेब कॉम्प्युटरवर आले. कुणी किती कर्ज घेतलं, किती हप्ते फेडले, सगळं एका डब्यात. पावसाळ्यात वीज पडून तो जळाला, तर कॉम्प्युटर नवा मिळेल. फेडलेला हप्ता कुठून दाखवणार?

म्हणून मासिक बैठक संपली, की उठायच्या आधी हिशेबाची फाइल पेनड्राइव्हवर घ्या. फाइलच्या नावात महिना लिहा, म्हणजे जुनी प्रत पुसली जात नाही. पेनड्राइव्ह कॉम्प्युटरला लावून ठेवू नका. व्हायरस आला तर दोन्ही जातात. शेजारच्या खणातही नको, दुसऱ्या बाईच्या घरी असू द्या. दोन घेऊन आलटून पालटून वापरा, कारण ही वस्तू न सांगता बंद पडते.

इंटरनेट असेल तर गूगल ड्राइव्हवर १५ जीबी जागा फुकट मिळते. त्यात ई-मेल आणि फोटोही मोजले जातात, तेव्हा गटाचं खातं वेगळं उघडा. पासवर्ड दोघींकडे हवा; एकीची बदली सुनेच्या बाळंतपणाला होतेच!

दोन-तीन महिन्यांनी पेनड्राइव्ह दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून फाइल उघडते का, पाहा. कागदी वही मात्र चालूच ठेवा. सह्या तिच्यातच असतात.